अडीअडचणीला ठेवलेला सिलेंडर

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार, आणि नमस्कारामागोमाग भांडण.

मी बरी आहे, खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. आता तुझ्या पत्राबद्दल.

परवा वीज गेली, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन अर्धा तास बंद पडलं, आणि तू त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत बसलीस? शेजारी भरलेला सिलेंडर उभा असताना? वर लिहितेस, "उघडला नाही गं, अडीअडचणीला राहू दे म्हटलं." अगं, अडचण अडचण म्हणतात ती हीच!

नव्या चादरी पाहुण्यांसाठी जपून ठेवतेस, ठीक आहे. पण सिलेंडरला विणलेला झगा घालून वर कुंडी? आणि तो उघडायचा पाना कपाटात, कपाटाला कुलूप? हद्द झाली तुझी.

इथे मी रोज पाच पेशंटच्या घरी जाते आणि हेच सांगते, की पाना सिलेंडरलाच बांधून ठेवा. परकी माणसं मुकाट्याने ऐकतात. आपल्या घरी मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

त्या अर्ध्या तासात बाबा काही बोलले का गं? ते तू लिहिलंच नाहीस.

हे पत्र मिळताच कुंडी खाली ठेव. सिलेंडर स्वतःच्या हाताने एकदा उघडून बघ, नळी जोडून बघ. किती वेळ लागला ते कळव. मी इथून निघाले तरी मला दोन दिवस लागतात.

सिलेंडर संपला तर दुसरा आणता येतो, आई.

तुझी रागावलेली,
धाकटी