दारापुढचं पाणी

आईला ओयदिनचा सलाम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. इथे कोकंदला द्राक्षं स्वस्त झालीत.

एक वाईट बातमी आहे. समोरच्या सनोबरमावशी गेल्या. पूर्वी इथल्या गल्लीत पहाटे सगळ्या बायका आपापल्या दारापुढे झाडून पाणी शिंपडायच्या. एखादं दार तसंच दिसलं की लगेच कुणीतरी कडी वाजवायचं, "अगं ए नवरीबाई, उजाडलं!" रस्ता रुंद केला, दारापुढचे ओटे काढले, झाडायला नगरपालिकेची गाडी आली. बायका आत गेल्या. मावशी भिंतीआडच्या अंगणात पडल्या ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या दारापुढे इतरांसारखंच स्वच्छ होतं. शेवटी वास आला. मी रोज तिथूनच शाळेत शिकवायला जात होते, आई.

आपल्या गल्लीतही गाडी येणार म्हणून तू खूश आहेस. तुझे गुडघे दुखतात, ठाऊक आहे. झाडू नकोस, पण तांब्याभर पाणी शिंपडत जा. जमीन कोरडी दिसली तर कडी वाजवा, असं शेजारच्या हमरोकाकूंना लिहिलंय. तू एकटी असतेस, म्हणून. कडी वाजली की ओ दे. चिडून दिलीस तरी चालेल.

तुझीच,
ओयदिन