कंपाउंडरची खाट

१० मार्च १९३१
आज सकाळी बैलांच्या दमणीतून उतरलो, पाय धुतले, आणि दवाखान्याचं कुलूप उघडण्याआधी उंबऱ्यापुढे दंडवत घातला. पन्नाशी जवळ आली आणि नवं गाव, पण मन प्रसन्न आहे. संग्रामपूरचा हा दवाखाना वर्गणीवर चालतो. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा येतात. बाकीचे दिवस कंपाउंडर म्हणून मीच. लोक घरून बाटली आणतात. मी औषध भरतो आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवतो. एक खाच म्हणजे एक डोस. राहायला मागची खोली आहे, आधीच्या कंपाउंडरची सागवानी खाटही तिथेच आहे. झाडलोट करणारी रुखमाबाई म्हणाली, खाट भारी हाय भाऊ, झोपून पाहा मंग सांगा.

१३ मार्च
खाटेत ढेकूण आहेत. सांध्यासांध्यांत तिळासारखे चिकटलेले. महानुभाव पंथाचा उपदेश घेतला त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून मुंगीही मारली नाही. म्हणून सकाळी वाटीत वेचून बाभळीखाली सोडून येतो. रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसते. म्हणते, मारत काऊन नाही हो? देवानं तुमाले रगत पाजाले बसोलं का? तुमच्या आंधी ते घरी येते!

१९ मार्च
जमिनीवर अंथरलं तरी येतात. सलग घटकाभर झोप नाही. स्मरण करताना नाम अर्ध्यात सुटतं. आज एकच पूड दोनदा तोलली. कात्री हातात धरून कात्री शोधली.
इतकी वर्षं वाटायचं, झोप शरीरासाठी. तसं नाही. झोपेत मन धुऊन निघतं. न धुतलेल्या भांड्यात रोज नवं अन्न वाढावं तसं माझं डोकं झालं आहे. कालचं चिकटलेलं, आजचं त्यावर आंबतं. विचारांना घाण येते.

२२ मार्च
कानात एक होता. काढताना फुटला. माझंच रक्त, आणि तो वास, कुजक्या कोथिंबिरीसारखा. जेवण गेलं नाही.
म्हाताऱ्या अमीरबीला दम्याचं औषध दिलं. त्यात धोतऱ्याचा अर्क असतो, बेताने द्यावा लागतो. पट्टीवर खाचा किती पाडल्या ते आठवत नाही. बाराच पाडल्या असणार.

२४ मार्च
अमीरबीचा मुलगा शकूर धावत आला. अम्मा कशीतरीच करून राह्यली, बापू, चला.
तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या. चिमटीने हवेतून काहीतरी वेचत होती, पदरात टाकत होती. क्षणभर मलाही ते दिसले — तिच्या बोटांत वळवळणारे.
राईचं पाणी पाजलं. माझ्या हातावर ओकली.
बाटली पाहिली. बारा खाचा हव्या होत्या. सहाच. प्रत्येक डोस दुप्पट. कात्री माझी, पट्टीवरचं तिचं नाव माझ्याच अक्षरात. आठवण नाही.

२५ मार्च
अमीरबी वाचली. शकूर पाया पडायला वाकला, तेव्हा खाचांचं सांगून टाकलं. तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, आज माही अम्मा वाचली, बापू. उद्या कोनाची?
पायरीवर पाच बाटल्या ठेवलेल्या. मी हात लावला नाही. पण सहा कोसांत दुसरा कंपाउंडर नाही —

२६ मार्च
खाट अंगणात काढली. रुखमाबाईने हंडा तापवला. म्हणाली, मी ओततो ना भाऊ, तुमचा नेम कायले मोडता. नको म्हटलं. नेम माझा, हातही माझाच —
सांध्यात उकळतं पाणी. ते बाहेर आले, शेकड्यांनी, एकावर एक, फुगलेले — तडतडले — फरशी लाल. सगळं माझंच —
दुसरा हंडा. तिसरा. वास अजून नाकात. दोनदा ओकलो —
देवा, क्षमा मागत नाही. सांगतो फक्त —
रुखमाबाई दारात बसली आहे. म्हणते, पडा आता —
पाठीवर काही चालतंय — नाही. नाही चालत —
मारले. मी. सगळे. आता डोळे