आज्जीच्या रॅकेटच्या तारा

आई, तुझ्या रॅकेटचं गटिंग, ते तारांचं जाळं, आज कापलं. तू जायच्या आधी केलेलं, शेवटचं.

इतकी वर्षं ती कपाटावर होती. आम्ही आता घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीचं नाव इटलीचं, पाणी टँकरचं, टेनिस कोर्ट मात्र खरं आहे. तुझी नात तिथे खेळते, तुझ्यासारखाच खालून वर घासून टॉपस्पिन मारते, आणि तिला रॅकेटही तुझीच हवी होती. महिनाभर खेळली आणि कोपर धरून बसली. ‘‘बाबा, आज्जीच्या रॅकेटमध्ये जीव नाहीये. बॉल फिरतच नाही.’’ मी म्हटलं, ‘‘तुझं मनगट फिरत नाही.’’ बाप झालं की असलं बोलता येतं.

खरं तर मला माहीत होतं. नौपाड्याच्या त्या घरात पोळ्या झाल्या की तू ओटा पुसून त्यावर गटिंगचं मशीन मांडायचीस. दिवसभर शाळेत पी.टी. घ्यायचीस आणि संध्याकाळी अर्ध्या क्लबच्या रॅकेट. उभ्या तारा पॉलीच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, कडक आणि गुळगुळीत, आडव्या मऊ. ‘‘स्पिन हवा ना? मग उभी तार सरकली पाहिजे आणि झटकन जागेवर आली पाहिजे. करकचून ताणून काय होणारे?’’ मी म्हणतो, आपल्या घरात पण तसंच आहे, तू उभी आणि बाबा आडवे. तू हसत नाहीस. रॅकेट तळहातावर आपटून आवाज ऐकतेस. ‘‘मेली ही.’’

‘‘अगं, तुटली कुठे आहे?’’

‘‘पॉली तुटायची वाट बघतात का रे? ती आधीच मरते. दिसते तशीच, म्हणून लोक खेळत राहतात आणि हात घालवतात.’’ मग माझी रॅकेट दिवसभर उन्हात गॅलरीत राहिली होती त्यावरून जे ऐकवलंस, ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं होतं. कोर्टाबाहेर उभी राहूनही तुझं तेच. पॉइंट जिंको की हरो, ‘‘आधी तारा सरळ कर.’’

तुझ्या तेराव्याला क्लबातले एक काका आले, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, ‘‘माझं गटिंग झालं होतं का?’’ झालं होतं. मी आतून आणून दिलं, वर लाडूही दिला. तेव्हा काही वाटलं नव्हतं. पुढे वाटेल असं सगळे म्हणत होते.

या आठवड्यात दोनदा गटिंगच्या दुकानात गेलो. दोन्ही वेळा दुकानदाराने कात्री उचलली आणि मी ‘‘उद्या येतो’’ म्हणून रॅकेट परत आणली. शेवटी काल तुझ्या नातीनेच विचारलं, ‘‘बाबा, मी खेळू की ही भिंतीला टांगू?’’ कोपराला बर्फाची पिशवी लावून बसली होती.

आज ओट्यावर ठेवून मीच कापलं. फ्रेम वाकू नये म्हणून मधून सुरुवात, एक उभी, एक आडवी, तू करायचीस तसं. नवं गटिंगही दुकानात तुझ्याच पद्धतीचं सांगितलंय. तारांचं भेंडोळं सुक्या कचऱ्यात गेलं. आताही काही वाटलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? नौपाड्याची बिल्डिंगसुद्धा पाडली. फक्त एक सांगतो, हसू नकोस. कापायच्या आधी मी त्या सगळ्या तारा बोटांनी एकेक करून सरळ केल्या.