जन्मापासूनची गाठ

आई, तू गेल्याला अठरा वर्षं झाली, तरी अठ्ठ्याण्णव सालच्या माझ्या आजारपणाबद्दल मी कुणाशी धड बोललेले नाही. मी बारावीत होते. ताप आणि खोकला जाईना, म्हणून आपण सांडोरहून वसईत जाऊन एक्सरे काढला. छातीत सावली दिसली आणि डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, अन्न नकोसं व्हायचं. तू माझी ताट-वाटी वेगळी केलीस, धाकट्या बहिणीला मामाकडे धाडलंस. मी ओटीवर एकटी जेवतेय आणि तू दारातूनच विचारतेयस, "अजून भात हवा?" पुढे येत नाहीस. फार राग यायचा मला.

सहा महिन्यांनीही सावली तेवढीच. मग मुंबईच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन झालं. तिथले मोठे डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले, "टीबी नाही, कॅन्सरही नाही. श्वासनळीला चिकटलेली पाण्याची गाठ आहे, जन्मापासूनची. तिच्यात पू होतो, म्हणून ताप. काढून टाकावी लागेल." मला हायसं वाटलं. तू मात्र बाकावर बसलीस ती उठेचनास. "तू पोटात होतीस तेव्हा मी वाडीत वांग्यांवर औषध मारायची," त्यांच्यासमोरच म्हणालीस, "सातव्या महिन्यापर्यंत. तेच गेलं हिच्या छातीत."

ऑपरेशन झालं. बरगड्यांमधून नळी, खाली बाटली. त्या बाटलीकडे बघत तू दिवसभर बसायचीस. घरी सोडायच्या सकाळी तू औषधं आणायला खाली गेली होतीस, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली, तपासणीत वाईट काही नाही. आणि आईला सांग, फवारणीचा याच्याशी संबंध नाही. बाळ घडतानाच कधीकधी असं होतं. कुणाची चूक नसते."

तू वर आलीस. "काय म्हणाले?"

"टाके आठवड्यानं काढणार," मी म्हणाले.

त्यानंतर तू वाडीत पाऊल टाकलं नाहीस. घरात वांगं शिजलं नाही. मला नुसता ठसका लागला तरी हातातलं टाकून धावत यायचीस. आठ वर्षं. शेवटच्या आजारपणातही बहिणीला म्हणालीस, "माझ्यामुळं तिची छाती चिरली."

मी रागानं गप्प राहिले, असं स्वतःला सांगत आले. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. राग घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच गेला होता. तू धावत यायचीस, ते मला आवडायचं.