आईसाठी उतारा

दि. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसता हुंदके देतोस आणि मला काडीचं कळत नाही, म्हणून पत्र. आईला मातीआड करून मी लगेच दवाखान्यात ड्यूटीवर परतले, ते मनाला लागून राहिलंय.

महिनाअखेरच्या आदरांजलीच्या सभेत पाळकसाहेबांनी बोलायचं काम तुझ्यावर सोपवलंय. आधी बायबलमधला उतारा ठरव, भाषण मग आपोआप सुचेल. मला विचारशील तर मेंढपाळाचं स्तोत्र घे. आपल्या घरची रीत विसरू नकोस: वाचताना उताऱ्यातल्या माणसाच्या जागी गेलेल्याचं नाव घालायचं. बाबांच्या वेळी आईनेच वाचलं होतं, आणि आवाज जरासुद्धा कापला नव्हता. तिच्या खोलीत बसून मोठ्याने सराव कर, नाहीतर ऐन वेळी त-त-प-प करशील. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घेतोस, आता जरा स्वतः वाच.

माझा लोभ आहेच, पण उपाशी राहिलास तर कान उपटीन.
तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि. स्तोत्र वाचलं, पण ते सगळ्यांसाठीच वाचतात. सद्गुणी स्त्रीचा भाग काढला तर ती बाई अंधारात उठून कामाला लागते! आपली आई चहा मिळेपर्यंत कुणाचं तोंड बघायची नाही. आधी हसू आलं, मग रडू.

शेवटी प्रभू मेलेल्या लाजराला कबरेतून हाक मारून उठवतात तो भाग आवडला. दुपारी तिच्या शिलाई मशीनपाशी बसून वाचला. हाकेपाशी मात्र अडलो. आईचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलेलं नाही गं, जीभच वळेना. म्हणून आई, बाहेर ये, असं वाचलं. भान राहिलं नाही, ओरडूनच वाचलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं. आता घरात सगळं बरं आहे. भाषणाची बहुतेक गरज पडणार नाही. काळजी नसावी, माया असावी.
तुझा ठोंब्या

दि. १३ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. अरे गाढवा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भांडं मांजरानेही पाडलं असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. पण तुझ्या मालकांना फोन केला तर ते म्हणाले, तू हसतमुखाने कामावर येतोस आणि डबा आईने दिला म्हणून सांगतोस.

घरात कोण आहे, खरं सांग. शेवटची आंघोळ आईला मी घातली, कपडे मी घातले. ती गेली, सोन्या. तिला निजू दे. दुःखाने तुझं डोकं फिरलं असेल तर मी येतेच, आणि फिरलं नसेल तर त्याहून लवकर येते. तू मला परका झालास तर माझं माहेर उरलं कुठे?
तुझी ताई

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सलाम, वि. वि. डोकं ठिकाणावर आहे. ती आपली आई नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आई डावरी. हिने तिची डाव्या हाताची कात्री उजव्या हातात धरली आणि कापत नाही म्हणून कुरकुर केली. पायांना ओली माती आहे, फरशी कितीही पुसली तरी पुन्हा उमटते. चेहऱ्याकडे मी बघायचं टाळतो. पण दुकानातून आलो की जेवलास का, असं विचारते. तिला हाकलवत नाही गं.

काल मात्र घाबरलो. दाराशी बसून विचारत होती, बाकीची मुलं कधी येणार. मी म्हटलं, एक ताई आहे फक्त. तर बोटं मोजत बसली, आणि ती काही केल्या संपेनात.

रागावू नकोस, तुझ्याशिवाय मला कोण आहे?
तुझा ठोंब्या

दि. २१ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. घोळ कुठे झाला, कळतंय का? तू नाव घेतलंच नाहीस. त्या कबरस्तानात आया काय कमी आहेत? जिने ऐकलं ती आपल्याच लेकराची हाक समजून उठून आली, बिचारी.

रजा आत्ता कुठे मिळाली, मी शनिवारी येते. तिच्या नावाने मेंढपाळाचं स्तोत्र वाचून तिला निजवू. तोवर तोडून बोलू नकोस, फक्त नाव विचारून कळव. जपून राहा रे, माझा जीव तुझ्यात अडकलाय.
तुझी ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,
सलाम, वि. वि. जेवताना विचारलं. ती घास हातात धरून कितीतरी वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, लग्नाआधी होतं काहीतरी, पुढे सगळे आईच म्हणायला लागले. थडग्यावर मुलांनी तेवढंच कोरलंय म्हणे.

मग तिनेच विचारलं, तुझ्या आईचं नाव काय होतं. मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने.

तर आतून, आईच्या खोलीतून, कुणीतरी ओ दिली.

अजून उठून पाहिलेलं नाही. ही मात्र आणखी कुणी जेवायला आलं समजून तिसरं ताट मांडतेय. लोभ असू दे, आणि शनिवारची वाट बघू नकोस.
तुझा ठोंब्या