'ते' म्हणजे कोण

प्रिय बायको,

मी मजेत आहे. पायाची सूज उतरली, जेवण वेळेवर होतं. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

मागच्या पत्रापर्यंत कोपऱ्यावरचा औषधवाला 'केमिस्टभाऊ' होता. या पत्रात लिहितेस, "कुत्र्याच्या रक्तात चरबी वाढलीय म्हणून ते घरी येऊन माशाच्या तेलाच्या कॅप्सूल देऊन गेले." नुसतं 'ते'. चारचौघांत 'ते' तू मलाच म्हणतेस ना गं?

मी इथल्या प्रयोगशाळेत चार वर्षं सशांना हेच चारतोय. एका रांगेला माशाचं तेल, दुसरीला कोलेस्टेरॉलची गोळी, मग रक्त काढून तपासायचं. घरचा माणूस यात मुरलेला, आणि तू विचारलंस कोणाला, तर खोकल्याच्या बाटल्या विकणाऱ्याला.

त्याच्या सांगण्यावरून कुत्र्याला माणसांची गोळी मात्र देऊ नकोस. आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचार.

आईचे गुडघे कसे आहेत? आणि खरं सांग, तो आला की कुत्रा शेपूट हलवतो का?

तुझे,
मूळचे 'ते'