येळवशीचा हेंडगा

येळवस (वेळा अमावास्या, रानात पिकाच्या पूजेचा सण), संध्याकाळ. दुबलगुंडी.

...आणि मी ज्वारीत पालथा पडलो. पाठीवर माझ्या पोराचं, सोमूचं, सगळं वजन, डोक्यामागे त्याचा पंजा.

"हलू नका अप्पा. अजून येतेत."

कोण? पुतण्या गवताचा पेटता हेंडगा घेऊन, दरवर्षीसारखा आरोळ्या देत पिकाभोवती पळत होता. एवढंच. शेतात जेवायला जमलेले सगळे हसले.

"मिल्ट्रीवाला जाळाला भ्यायला की!" भावजय म्हणाली.

भ्याला? मग मला खाली घालून तो वर का पडला? सीमेवरच्या चकमकीनंतर फौज सोडून आला, तेव्हापासून झोपत नाही, एवढंच माहीत होतं. हे माहीत नव्हतं. पोराचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

"हेंडगा हाय रे सोमू. आपल्या येळवशीचा."

पंजा सुटेना. पुतण्याने जाळ मातीत विझवला, तेव्हा सुटला. मग सोमूने मला ओळखलं. त्याच पंजाने माझ्या केसांतली माती झाडू लागला.  अजून डोक्यामागे तो पंजा जाणवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी : त्याला डॉक्टरला दाखवायला बिदरच्या बसमध्ये बसलो. खिडकीची जागा त्याने मला दिली नाही. तिथे, माझ्या नि बाहेरच्या रस्त्याच्या मधे, तो स्वतः बसला.